लॅपटॉपमधलं साल

खर्डा,
५ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
पुष्पाचा शि. सा. न. वि. वि.

मच्छिंद्रच्या टेम्पोतून कांद्याच्या गोण्यांसोबत माझा लॅपटॉप तुझ्याकडे सावेडीला येतो आहे. पिशवी उघडताना नाक धर, कांद्याचा वास लागलेला असेल. फोन का केला नाही असं सविता वहिनी विचारतील. त्यांना सांग की फोनवर तू नुसता हां हां करतोस आणि तुला ऐकू काहीच आलेलं नसतं. मागे गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं तर तू माझं अभिनंदन केलंस. कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये ठेवायला घेतलंय का?

आता आजाराचं कारण. हसायचं नाही. खंडेनवमीला ह्यांनी ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, विळे, कोयते ओळीत मांडले. मी मास्तरीण, माझं हत्यार अकरा वर्षं हाच लॅपटॉप, म्हणून मीही तो उघडून मांडला. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, झेंडू वाहिला आणि तांब्यातलं पाणी जरासंच शिंपडलं. तेव्हापासून तो घरघर करतो, तव्यासारखा तापतो आणि मधेच डोळे मिटतो. तसा आधीपासूनही म्हातारा झालाच होता. तो सुरू होईपर्यंत माझा चहा उकळून, गाळून, पिऊन होतो.

घाई अशासाठी की खालच्या आळीतली बनुबाईची मोनिका रोज संध्याकाळी त्याच्यावर नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचे सराव पेपर सोडवते. पोरगी बारावी सायन्सला आहे. आईबाप दिवाळी झाली तसे ऊसतोडीला कोल्हारकडे गेले, ती म्हाताऱ्या आजीजवळ असते. आणि तिचं लग्न ठरवलंय, दादा. शाळेच्या दाखल्यावर जन्म १ जून २००८ आहे. म्हणजे येत्या १ जूनला अठरा पूर्ण, की आठवड्यात हळद.

पण ती तारीख खोटी आहे. पोरगी जन्मली कोल्हारजवळ उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या कोपीत, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी. एवढं बनुबाईला पक्कं आठवतं, साल मात्र आता सांगता येत नाही. ते २००८ असेल तर अठरा पूर्ण व्हायला पुढच्या वर्षीचा डिसेंबर उजाडेल, आणि तोवर मोनिका कॉलेजच्या हॉस्टेलात पोचलेली असेल. बनुबाई आणि तिचा नवरा बजरंग दोघांनी शब्द दिलाय की कागद दाखवा, आम्ही थांबतो. फडावर जन्मलेल्या पोरांची जी यादी मी आयांना विचारून विचारून केली, तिच्यात ते साल आहे. मला २००८ वाटतं, पण माझ्या वाटण्यावर लग्न थांबत नाही. लॅपटॉप सुरू झाला की आधी ते पान काढायचं आहे.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो लॅपटॉप परत येईपर्यंत जरा वाढवावा.

तुझी,
पुष्पा


सावेडी, अहिल्यानगर
१६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. पुष्पास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझा पेशंट ठणठणीत बरा करून मच्छिंद्रच्या हवाली करतो आहे. पोटातून काय काय निघालं ते कळवतो. तांदळाचे अकरा दाणे, झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या आणि पंख्याच्या पात्यांना कुंकवाचा लेप. सविता म्हणाली की नारळ तेवढा निघायचा राहिला. पुढच्या खंडेनवमीला लांबूनच हात जोड, देव रागावणार नाही.

पंखा धुऊन पुसून बसवला. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून पापड झाली होती, ती खरवडून नवीन लावली. बॅटरी टम्म फुगली होती, ती बदलली. रॅम चारची आठ केली. मुख्य म्हणजे ती जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली. आता बटण दाबून चहाचं आधण ठेवायला जाशील तर लगेच परत यावं लागेल. विंडोज दहाचे अपडेट गेल्या महिन्यात बंद झाले आणि अकरा या म्हाताऱ्याला झेपणार नाही, म्हणून लिनक्स नावाची फुकटातली चांगली सिस्टीम टाकली आहे. पहिले दोन दिवस शिव्या देशील, तिसऱ्या दिवशी विसरशील.

तुझे फोटो, मोनिकाचे सराव पेपर, अमृतरावांचे ठिबकच्या अनुदानाचे कागद, सगळं नवीन डिस्कवर घेतलं. यादीही त्यातच कुठेतरी असेल, सावकाश शोध. एका फोल्डरमध्ये मात्र व्हायरस शिरला होता. तीन फाईल उघडून पाहिल्या. आत नुसते कंस, तुटकी इंग्रजी अक्षरं, उद्गारचिन्हं. माणसाने असं काही लिहिलेलं नसतं. ते फोल्डर मी उचललंच नाही. रोगी माणूस नव्या घरात कशाला न्यायचा?

जुनी डिस्क पुसून आमच्या सोसायटीच्या कॅमेऱ्याच्या डब्यात बसवली. तिथलीही नेमकी गेली होती. चेअरमन खूष आहेत आणि भावाने तीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट उगाच चालवली नाही, हे तुलाही कळलं असेल. कानाच्या मशीनबद्दल तू काही विचारलं होतंस, ते वाक्य मला नीट वाचता आलं नाही.

अमृतरावांना नमस्कार. लोभ वाढवायला सांगितला होतास, तो रॅमबरोबर दुप्पट केला आहे.

तुझा,
दादा


खर्डा,
२० नोव्हेंबर २०२५

दादास,
नमस्कार.

लॅपटॉप पोचला. चांगला चालतो.

तुझा तो व्हायरस म्हणजे माझी यादी होती. तुझ्याच इन्स्टिट्यूटमध्ये, तुझ्याच समोरच्या बाकावर बसून मी जो मराठी फॉन्ट शिकले, त्यातच ती टाईप केलेली होती. तो जुना फॉन्ट ज्या कॉम्प्युटरवर नसेल तिथे मराठी अशीच दिसते, कंस आणि उद्गारचिन्हं. हे मला कोणी शिकवलं? नव्या सिस्टीममध्ये तू तो फॉन्ट टाकला नाहीस, फाईल उघडल्यास आणि वर मला लिहितोस की माणसाने असं लिहिलेलं नसतं.

माणसानेच लिहिलं होतं. अकरा वर्षं, दर पाडव्याला टोळ्या परत आल्या की दारोदार जाऊन, एकेका आईला विचारून. चौऱ्याण्णव लेकरं आहेत त्यात. कागदावर प्रत काढून ठेवली नाही ही माझी चूक. कच्च्या चिठ्ठ्या तर टाईप झाल्या तशा बंबात घातल्या. लॅपटॉप आहे ना, असं वाटायचं.

कालच मुलाकडच्यांनी जूनसाठी मंगल कार्यालय बघितल्याचा निरोप आला. मोनिकाला मी अजून काही सांगितलेलं नाही. ती आली, पेपर सोडवला, लॅपटॉप किती लवकर चालू होतो म्हणून खूष झाली आणि तुला नमस्कार सांगून गेली.

लोभाचं आज काही लिहीत नाही.

पुष्पा


सावेडी,
२७ नोव्हेंबर २०२५

प्रिय पुष्पाताई,
स. न. वि. वि.

तुमचे दादा लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, समजून घ्या.

तुमचं पत्र ह्यांनी दारातच उभ्याने वाचलं आणि चपला न घालता खाली गेले. वॉचमनच्या खोलीतला कॅमेऱ्याचा डबा बंद केला आणि डिस्क काढून वर आणली. चेअरमनना विचारलंसुद्धा नाही. नेमकं त्याच दिवशी पार्किंगमधून कोणाचं तरी हेल्मेट गेलं. चेअरमन वर येऊन बरंच बोलले, हे मान हलवत राहिले. ऐकू आलं की नाही ते देव जाणे.

तेव्हापासून ती डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून बसलेत. पुसलेलं परत काढायचं काही सॉफ्टवेअर असतं म्हणे. पण तिच्यावर दहा-बारा दिवस कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग झालेलं आहे, त्याखाली काय उरलं असेल ते सांगता येत नाही असं म्हणतात. वर येतं ते काय, तर भाजीवाला, दोन मांजरं आणि हे स्वतः दूध आणायला चाललेत. परवा हे बघून मला हसू आलं. ते हसले नाहीत.

जेवायला हाक मारली तर भूक नाही म्हणतात. शेपू केला होता, तोही ताटात तसाच. तोंडाने चुकलो म्हणायची ह्यांना सवय नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. रागवा, पण पत्र बंद करू नका एवढंच मागणं.

तुमची,
सविता


सावेडी,
४ डिसेंबर २०२५

चि. सौ. पुष्पास,
आशीर्वाद लिहिण्याचा हक्क सध्या माझ्याकडे आहे असं वाटत नाही, तरी मोठा आहे म्हणून लिहितो.

मी चुकलो. घाईने चुकलो असतो तर एक वेळ चाललं असतं, मी शहाणपणाच्या तोऱ्यात चुकलो. ज्या फॉन्टवर हजारभर पोरांना पोटापाण्याला लावलं तोच मला ओळखू आला नाही.

यादी अर्धी परत आली आहे. नावं तू बाराखडीप्रमाणे लावली होतीस. 'प'पर्यंत येऊन फाईल तुटते, पुढे सगळं रेकॉर्डिंग आहे. साठ मुलं सापडली, चौतीस गेली. मोनिका गेलेल्यांत आहे. सापडलेल्यांची छापील प्रत सोबत आहे, दोन काढल्या, एक इथे लोखंडी कपाटात ठेवली. लॅपटॉपमध्ये टाकायला तो फॉन्टही पेन ड्राईव्हमध्ये घालून पाठवतो.

फॉन्ट टाकून पहिल्यांदा ती पानं नीट उघडली आणि मी वाचत बसलो. कल्याण नावाचा मुलगा. सकाळी फडात जन्मला, आईने दुपारनंतर पुन्हा मोळ्या बांधल्या. एक पार्थ आहे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत झालेला, साखर कारखान्याच्या गेटबाहेर नंबर लागायची वाट बघताना. प्रत्येकापुढे कोणाचं रान, कोणता सण जवळ होता, पहिली लस कुठे टोचली. तू हे सगळं करत होतीस आणि मी तुला पत्रातून शुद्धलेखन शिकवत होतो. माणसाने असं लिहिलेलं नसतं, हे वाक्य मी परत घेतो.

तर आता ऐक. कोल्हारच्या फडांवर झालेल्या चार पोरांपुढे तू लिहिलंयस की लस गावच्या उपकेंद्रात दिली, सिस्टरच्या वहीत नोंद आहे. मोनिकाचीही त्याच वहीत असणार. मी जाऊन बघतो. जुन्या वह्या टाकल्या असतील असं सविता म्हणते. टाकल्या असतील तर तसं येऊन सांगेन. कानाचं मशीन घालून जाणार आहे, तेवढ्यावर तरी थोडा लोभ करावास.

तुझा,
दादा


खर्डा,
१० डिसेंबर २०२५

ती. दादास,
पुष्पाचा शि. सा. न. वि. वि.

साठ लेकरं परत आली. मी एकेक नाव मोठ्याने वाचलं. हे म्हणाले की शाळेत हजेरी घेतल्यासारखं वाटतंय.

राग गेला असं नाही, पण तो नुसता तुझ्यावर काढणं बरोबर नाही. एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. मोनिकाची १ जून ही तारीख मीच लिहिली आहे. पहिलीत नाव घालायला तिची आजी घेऊन आली, तारीख विचारली तर म्हातारी म्हणाली की तुमाला बरी दिसंल ती टाका. मी टाकली. त्या वर्षी माझ्या वर्गात सतरा पोरांचा वाढदिवस १ जूनला होता. सगळेच शिक्षक तसं करायचे, म्हणून मलाही काही वाटलं नाही. पुढे त्यातल्या एका मुलीने विचारलं की बाई, सगळ्यांचा एकाच दिवशी कसा? त्या वर्षीपासून मी यादी सुरू केली. तू एक फाईल पुसलीस. मी तर पोरांच्या तारखा लिहायच्या आधीच पुसल्या होत्या.

मोनिकाला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली की मामांना रागवू नका, त्यांनी लॅपटॉप लई फास्ट केलाय. आता ह्या पोरीला काय म्हणावं!

कोल्हारला जाशील तर सकाळच्या एसटीने जा, उभ्याने प्रवास करू नकोस. कोपीवर गेलास तर बनुबाई चहा देईल, तो नको म्हणू नकोस. आणि दादा, साल २००८ निघू दे, एवढंच मागणं देवाकडे कर. लोभ परत सुरू केला आहे.

तुझी,
पुष्पा


सावेडी,
२८ डिसेंबर २०२५

चि. सौ. पुष्पास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

दोनदा गेलो. पहिल्यांदा उपकेंद्राला कुलूप होतं, सिस्टर लसीकरणाला वस्तीवर गेलेल्या. काल भेटल्या. जुन्या वह्या कपाटावर जुन्या चादरीत बांधून ठेवलेल्या होत्या. त्या म्हणाल्या की एवढ्या वर्षांत ह्या कोणी मागितल्या नाहीत, बघा तुम्हीच. दोन तास धूळ खाल्ली. मशीनमुळे सगळं ऐकू येत होतं, बाहेरची पोरंसुद्धा इतकी रडतात हे मी विसरलो होतो.

नोंद सापडली. बनुबाई बजरंग, राहणार खर्डा, ऊसतोड टोळी, मुलगी. जन्म २२ डिसेंबर. पुष्पा, साल २००७ आहे.

मी तीनदा पाहिलं. चष्मा पुसून पाहिलं. सिस्टरना वाचायला लावलं. दुसऱ्या दिवशी दत्तजयंती होती का, हे त्या सालच्या पंचांगात बघून खात्री केली. होती. म्हणजे तू लिहिलेल्या तारखेपेक्षा पोर सहा महिन्यांनी लहान नाही, सहा महिन्यांनी मोठी आहे. परवाच्या सोमवारी तिला अठरा पूर्ण झाली. आपण लग्न लांबवायला साल शोधत होतो, ते आजच लग्नाला मोकळीक देणारं निघालं.

तिथून कोपीवर गेलो. बजरंग ट्रॅक्टरवर कारखान्याला गेला होता. बनुबाईने चहा दिला, तुझी चौकशी केली, येताना उसाची मोळी बांधून दिली. मी कशासाठी आलो होतो ते माझ्या तोंडून निघालं नाही.

सिस्टरनी सही-शिक्क्याचा उतारा दिला आहे. तो बंद पाकिटात सोबत ठेवला आहे. तू म्हणशील तर मी कोल्हारला गेलोच नव्हतो. फाडून बंबात घातलास तरी मी विचारणार नाही. जूनपर्यंत सहा महिने तरी हाती राहतील. माझं मत विचारशील तर आयुष्यात पहिल्यांदा मला मत नाही.

लोभ कमी करू नकोस, सध्या त्याची गरज आहे.

तुझा,
दादा


खर्डा,
१२ जानेवारी २०२६

ती. मामांना,
मोनिकाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र मी लॅपटॉपवर तुमच्या फॉन्टमध्ये टाईप केलं आहे. बाई म्हणाल्या की मामांना वाचता येईल आणि परीक्षाही होईल. चुका झाल्या असतील तर माफ करा.

तुमचं पाकीट आलं तेव्हा मी इथेच पेपर सोडवत होते. बाईंनी ते फोडलं, वाचलं. मग त्या बंबाकडे गेल्या. मला वाटलं पाणी तापवायला गेल्या. परत आल्या आणि कागद माझ्या हातात दिला. म्हणाल्या की एकदा तुझी तारीख मी ठरवली, दुसऱ्यांदा ठरवणार नाही. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या.

मी दोन दिवस विचार केला. कागद लपवला असता तर जूनपर्यंत मी सतराची राहिले असते. पण सतराची असेपर्यंत माझ्या वतीने सगळे बोलतात. आप्पा बोलतात, आजी बोलते, मुलाकडचे बोलतात, बाईसुद्धा बोलतात. तहसीलला जन्मनोंदीचा अर्ज असतो, तो मी आणला. त्यात लिहिलंय की अर्जदार अज्ञान असल्यास पालकाची सही. मी अज्ञान नाही. तुमचा उतारा जोडला आणि सही केली. नाव पूर्ण लिहिल्यामुळे ते चौकटीच्या बाहेर गेलं.

मग काल रविवारी बाईंबरोबर कोल्हारला गेले. आप्पांना कागद दाखवला. ते आधी खूषच झाले, म्हणाले की मग जून कशाला, माघातच उरकू. मी सांगितलं की अठरा पूर्ण म्हणजे लग्न करता येतं तसं नाही म्हणताही येतं, आणि मी नाही म्हणते. बारावी झाली की मी नर्सिंगला जाणार. इतकं मी त्यांच्यासमोर कधी बोलले नव्हते. आई मोळी बांधता बांधता थांबली.

आप्पा चिडले नाहीत. बांधावर बसून राहिले. ट्रॉली भरायची राहिली होती, मुकादम हाका मारत होता, तरी उठले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी एवढंच विचारलं की त्या हॉस्टेलाला रातीचं आतून कडी लावता येती का. मी म्हटलं, येते, आणि दारावर राखणीला बाई असते. मग ते म्हणाले की मंग जा. आमी सहा-सहा महिने हितं, तिकडं म्हातारीला दिसत न्हाई, हितल्या कोपीला दारच न्हाई. पोरीला कुठं ठिवावं ह्याच घोरात त्यांनी ते लग्न ठरवलं होतं. मुलाकडच्यांना त्यांनी तिथूनच फोन लावला.

शेवटी लोभ असावा असं लिहायचं असतं, बाईंनी सांगितलंय. तो तर असावाच. पण मी नगरला हॉस्टेलात आले की एखाद्या रविवारी जेवायलाही बोलवावं.

आपली,
मोनिका